बेळगावचे भाषण आणि वीस हजारांचा मुचलका

लोकमान्य टिळकांची साठी २३ जुलै १९१६ रोजी पुण्यात साजरी झाली. चाहत्यांनी एक लाख रुपयांची थैली त्यांना अर्पण केली. त्याच दिवसांत पुण्याच्या जिल्हा मॅजिस्ट्रेटची नोटीसही त्यांच्या हाती पडली. एक वर्ष नेक वर्तणूक ठेवण्याबद्दल वीस हजारांचा मुचलका आणि प्रत्येकी दहा हजारांचे दोन जामीनदार तुमच्याकडून का घेऊ नयेत, याचे कारण दाखवा, असा तिचा आशय होता. निमित्त होते तीन भाषणांचे. त्यांपैकी ३१ मे आणि १ जूनची दोन अहमदनगरची होती. पहिले, १ मेचे, बेळगावचे होते.

आम्हां बेळगावकरांना या भाषणाची आठवण आहे ती मुख्यतः होमरूल लीगच्या संदर्भात. मुंबई इलाख्याच्या प्रांतिक परिषदेच्या वेळी, २८ एप्रिल १९१६ रोजी, टिळकांच्या होमरूल लीगची स्थापना याच गावी झाली. बॅरिस्टर जोसेफ बॅप्टिस्टा तिचे अध्यक्ष आणि न. चिं. केळकर चिटणीस झाले. या अभिमानात भाषणाचा दुसरा पैलू मात्र झाकला जातो. राज्यकर्त्यावर टीका करणारा नागरिक राज्याचा शत्रू ठरतो काय, या प्रश्नाचा आपल्या देशातील एक महत्त्वाचा खटला या भाषणातून उभा राहिला.

टिळकांना हा प्रश्न नवा नव्हता. भारतीय दंडसंहितेत १८७० साली आलेल्या १२४-अ या कलमाखाली त्यांना दोनदा शिक्षा झाली होती. १८९७ च्या खटल्यात न्यायमूर्ती स्ट्रॅची यांनी सरकारविषयी 'अप्रीती' म्हणजे प्रीतीचा अभाव, असा अर्थ ज्यूरीला सांगितला. सहा युरोपियन ज्यूरर विरुद्ध तीन हिंदी ज्यूरर अशा मतविभागणीने टिळक दोषी ठरले. दुसऱ्याच वर्षी कलमात दुरुस्ती होऊन, सरकारच्या कृत्यांविषयी कायदेशीर मार्गाने बदल घडविण्यासाठी व्यक्त केलेली नापसंती हा गुन्हा नव्हे, असे स्पष्टीकरण त्याला जोडण्यात आले. तरीही १९०८ साली सात विरुद्ध दोन मतांनी ते पुन्हा दोषी ठरले आणि मंडालेला गेले. जून १९१४ मध्ये ते सुटून आले. थोड्याच आठवड्यांत महायुद्धाला तोंड लागले.

१९१६ साली सरकारने वेगळी वाट धरली. या वेळी राजद्रोहाचा खटला भरला नाही. फौजदारी प्रक्रिया संहितेच्या १०८ व्या कलमाचा आधार घेतला. या कलमाचे मर्म ध्यानात घेण्याजोगे आहे. यात घडलेल्या गुन्ह्याची शिक्षा नसते, पुढे गुन्हा घडू नये म्हणून जामीन मागितला जातो. येथे ज्यूरी नाही, तुरुंग नाही, हुतात्मा होण्याची संधीही नाही. वक्त्याने तोंड उघडताना खिशातील चाळीस हजार रुपयांचा विचार करावा, एवढीच योजना. राज्याच्या 'सुरक्षिततेसाठी' नागरिकाने आपल्या जिभेचा जामीन भरावयाचा.

त्या भाषणात असे होते तरी काय? टिळकांनी सरकारचे दोन अर्थ सांगितले. एक सरकार अदृश्य. ते स्थिर, समाजाला सुव्यवस्थेसाठी आवश्यक असे. दुसरे दृश्य, प्रत्यक्ष कारभार पाहणाऱ्या अधिकाऱ्यांचे, म्हणजे नोकरशाहीचे, आणि ते क्षणोक्षणी बदलणारे. आमची मागणी पहिले नाहीसे करण्याची नाही, दुसरे बदलण्याची आहे, हा त्यांच्या मांडणीचा गाभा. वर्षभरापूर्वीच 'गीतारहस्य' प्रसिद्ध केलेल्या पुरुषाने राज्यशास्त्र समजावताना व्यक्त-अव्यक्ताच्या परिभाषेचा आश्रय घ्यावा, यात नवल नाही. पण ही परिभाषा केवळ अलंकारासाठी नव्हती. बाजाराला आलेल्या माणसालाही कळेल अशा मराठीत त्यांनी एक घटनात्मक सिद्धान्त सांगितला : राज्य निराळे आणि राज्य चालविणारे निराळे.

पुण्याच्या मॅजिस्ट्रेटने हा भेद मानला नाही. ऑगस्टमध्ये त्याने मुचलक्याचा हुकूम दिला. टिळक उच्च न्यायालयात गेले. बॅरिस्टर महंमद अली जीना यांनी त्यांची बाजू मांडली आणि ९ नोव्हेंबर १९१६ रोजी न्यायमूर्ती बॅचलर व न्यायमूर्ती शहा यांनी तो हुकूम रद्द केला.

या निकालाविषयी आपल्याकडे थोडी अतिशयोक्ती होते. टिळकांचा प्रत्येक मुद्दा न्यायालयाने उचलून धरला, असे नाही. बादशहाविषयी निष्ठेचे उद्गार काढले म्हणून राजद्रोहाचा आरोप आपोआप टळत नाही, असेच बॅचलर यांचे मत होते. त्यांनी महत्त्व दिले ते वाचनाच्या पद्धतीला. भाषण समग्र वाचले पाहिजे. त्यातील चार कठोर वाक्ये वेगळी काढून त्यांवर निर्णय देता येत नाही. आणि हिंदी लोकांना राज्यकारभारात अधिक वाटा हवा, ही मागणी मुळात निषिद्ध नाही. श्रोत्यांच्या मनावर एकंदर परिणाम काय होईल, ही कसोटी त्यांनी लावली. मराठीत केलेले भाषण पोलिसांच्या टिपणांतून आणि इंग्रजी भाषांतरातून न्यायासनासमोर पोचत असे. हे आठवले म्हणजे त्या कसोटीचे मोल अधिकच जाणवते.

सरकारची बाजूही न्यायाने पाहिली पाहिजे. युद्ध चालू होते आणि गदर चळवळीच्या उठावाचा कट जेमतेम वर्षापूर्वी उघडकीस आला होता. अशा वेळी राज्यकर्त्याला प्रत्येक गर्जनेत स्फोटाचा आवाज ऐकू येतो. शब्दांनी आग लागतच नाही, असे म्हणण्याइतके भोळे आम्ही नाही. मात्र आग लावणारा आणि आग लागल्याचे ओरडून सांगणारा यांत फरक करावयाचा की नाही, हाच खरा प्रश्न असतो. बेळगावच्या भाषणात शस्त्राची भाषा नव्हती, कायद्यात बदल करण्याची होती. उच्च न्यायालयाने तो फरक ओळखला. कार्यकारी सत्तेने मात्र दुसरा दरवाजा शोधला. फेब्रुवारी १९१७ मध्ये भारत संरक्षण कायद्याखाली टिळकांना पंजाबात प्रवेशबंदी झाली. तेथे भाषण वाचून पाहण्याचा प्रश्नच उरला नाही.

स्वातंत्र्यानंतर काय झाले? घटना समितीने भाषणस्वातंत्र्यावरील निर्बंधांतून 'राजद्रोह' हा शब्द वगळला. कलम १९ मध्ये उरला तो 'राज्याची सुरक्षितता' हा शब्दप्रयोग, राज्यकर्त्याची नव्हे. दंडसंहितेतील कलम मात्र तसेच राहिले. १९६२ साली केदारनाथ सिंह खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की कायद्याने स्थापन झालेले सरकार आणि त्या त्या वेळी कारभार पाहणाऱ्या व्यक्ती यांत भेद केला पाहिजे. हिंसेस किंवा सार्वजनिक अव्यवस्थेस प्रवृत्त न करणारी टीका, ती कितीही कडक असो, गुन्हा नव्हे. बेळगावचा सिद्धान्त शेहेचाळीस वर्षांनी न्यायासनावर बसला, असे आम्हांस वाटते. तरीही त्याच निकालाने केदारनाथांची स्वतःची शिक्षा कायम केली, हेही विसरू नये. कसोटी चांगली असणे आणि ती वक्त्याच्या उपयोगी पडणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

११ मे २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने १२४-अ चा वापर स्थगित ठेवला. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या न्यायसंहितेत 'राजद्रोह' हा शब्द नाही. तिचे १५२ वे कलम सार्वभौमत्व, एकता आणि अखंडता यांविषयी बोलते. पण मुचलक्याचे १०८ वे कलम १९७३ च्या संहितेत त्याच क्रमांकाने राहिले आणि आता नव्या नागरिक सुरक्षा संहितेत ते १२७ वे झाले आहे. राजवटी आणि क्रमांक बदलले, तरी जिभेचा जामीन मागण्याची सोय शिल्लक आहे.

म्हणून टीकाकारावर सुरक्षिततेच्या नावाने बोट रोखले जाते, तेव्हा नागरिकाने दोन प्रश्न विचारावेत. धोका कोणाला आहे, राज्याला की त्या वेळी खुर्चीवर असलेल्या माणसाला? आणि भाषण समग्र वाचले आहे काय? हे प्रश्न पक्ष पाहून विचारावयाचे नसतात. आपल्याला न रुचणाऱ्या टीकाकारासाठीही ते विचारता आले, तरच १ मे १९१६ चे भाषण आमच्या गावाने खरोखर ऐकले, असे म्हणता येईल.