दूरशिक्षणाचें पूर्ववृत्त

ऑनलाईन शिक्षण हें २०२० च्या टाळेबंदीचें अपत्य होय, असा समज सुशिक्षित घरांतूनहि रूढ झालेला दिसतो. वस्तुतः गुरूपासून दूर राहून विद्या संपादण्याचा प्रघात पावणेदोनशें वर्षांहून जुना आहे. आणि तो कोणास फळतो व कोणास फळत नाहीं, याचा उलगडाहि त्या इतिहासांतच सांपडतो.

इंग्लंडमध्यें १८४० सालीं एका पेनीचें टपाल सुरू झालें, त्याच वर्षीं आयझॅक पिटमन यानें आपली लघुलिपि टपालानें शिकविण्यास आरंभ केला. शिष्यानें पाठ लिहून धाडावा, गुरूनें चुका दुरुस्त करून तो परत पाठवावा, एवढाच काय तो प्रपंच. परंतु सर्व मर्म त्या परत येणाऱ्या कागदांत होतें. पुढें १९७१ त ब्रिटनच्या मुक्त विद्यापीठानें अध्यापनास दूरचित्रवाणीची जोड दिली, तेव्हां जगाच्या डोळ्यांत भरला तो पडदा. घरोघरचे स्वाध्याय तपासून त्यांवर अभिप्राय लिहिणारे शिक्षक फारसे कोणाच्या ध्यानांत आले नाहींत.

अमेरिकेंतील अनुभव याहून बोलका आहे. २०११ सालीं स्टॅनफर्ड येथील कृत्रिम बुद्धिमत्तेचा अभ्यासक्रम सर्वांस विनामूल्य खुला झाला. नांवें नोंदविणारे सुमारें १,६०,०००. शेवट गांठणारे २३,००० च्या आसपास. त्या अध्यापकांपैकीं सेबॅस्टियन थ्रन यांच्या युडॅसिटी कंपनीच्या साह्यानें सॅन होझे स्टेट विद्यापीठानें २०१३ त गणिताचे वर्ग ऑनलाईन चालविले. उत्तीर्णांचें प्रमाण नेहमींच्या वर्गांहून खालीं गेलें व जुलैंत उपक्रम स्थगित झाला. उन्हाळ्यांतील निकाल बरा लागला खरा. पण त्या तुकडींतील निम्म्याहून अधिक जण आधींच पदवीधर होते! ज्यांस शिकावें कसें हें अगोदरच ठाऊक आहे, त्यांस पडदा पुरतो. ज्यांच्यासाठीं हा सारा खटाटोप, ते मात्र मागेंच राहतात.

आम्हींहि २०२० त काळ्या चौकोनांसमोर व्याख्यानें दिलीं. हजेरी भरघोस असे. पहिली चांचणी तपासली तेव्हां डोळे उघडले. मग दर आठवड्यास प्रत्येकाकडून हातानें लिहिलेल्या एका पानाचें छायाचित्र मागवून, चुका दाखवून तें परत धाडूं लागलों. साठांच्या वर्गांतून पहिल्या आठवड्यास अकराच पानें आलीं. दिवाळीपर्यंत निम्मा वर्ग लिहूं लागला होता.