काचेच्या घरातले तापमान

आधुनिक वास्तुकलेच्या पुस्तकांत एका घराचे छायाचित्र हमखास भेटते. हिरवळीवर तरंगत असल्यासारखे दोन पांढरे आडवे पट्टे, एक जमिनीचा आणि एक छताचा. त्यांना पेलणारे आठ पोलादी खांब आणि मधे चारही बाजूंनी नुसती काच. अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यात, प्लेनो गावाजवळ, फॉक्स नदीच्या काठी हे घर 1951 साली पुरे झाले. त्याचा वास्तुविशारद मीस व्हान डेर रोहे हा जर्मनीतल्या बाऊहाउस या प्रसिद्ध कलाशाळेचा शेवटचा संचालक. 1938 मध्ये तो शिकागोला आला आणि तिथलाच झाला. घर बांधून घेणाऱ्या डॉ. एडिथ फार्न्सवर्थ यांची ओळख मात्र बहुतेक ठिकाणी ‘घराची मालकीण’ एवढ्यावरच आटोपते. त्या मूत्रपिंडाच्या विकारांवर संशोधन करणाऱ्या डॉक्टर होत्या, म्हणजे निरीक्षण आणि मोजमाप हा त्यांचा रोजचा व्यवहार होता.

असे घर शक्य झाले ते पोलादामुळे. विटांच्या घरात छताचे ओझे भिंत वाहते. म्हणून भिंत जाड आणि खिडकी बेताची. पोलादी सांगाड्यात ओझे खांबांवर जाते आणि भिंतीला पडद्याइतकेच काम उरते. मग तो पडदा काचेचा का नसावा? दुसऱ्या महायुद्धानंतरच्या दोन दशकांत अमेरिकेत ज्या घरांना आज ‘मिड-सेंच्युरी मॉडर्न’ म्हणतात, त्यांतल्या अनेकांच्या मुळाशी हा प्रश्न आहे. मीसने त्याचे उत्तर शेवटच्या टोकापर्यंत नेले.

पण भिंतीचे दुसरेही एक काम असते, उष्णता अडवण्याचे. ते काम खांब करीत नाहीत.

एक साधे गणित करून पाहू. तिथल्या हिवाळ्यातली एखादी रात्र घ्या. बाहेर उणे 10 अंश सेल्सिअस, आत 20 अंश. फरक 30 अंशांचा. एकेरी काचेच्या एका चौरस मीटरमधून दर अंशाच्या फरकाला सुमारे 5.8 वॅट उष्णता बाहेर जाते, म्हणजे इथे जवळजवळ 174 वॅट. घराची काच सुमारे 145 चौरस मीटर धरली, तर नुसत्या काचेतून 25 हजार वॅट! 1000 वॅटच्या पंचवीस शेगड्या रात्रभर अंगणात पेटवून ठेवाव्यात, तसा हा प्रकार. इंधनाच्या खर्चाबद्दल डॉ. फार्न्सवर्थ यांची तक्रार होती यात नवल नाही.

शिवाय अशा रात्री काचेची आतली बाजू शून्याच्याही खाली जाते. आतल्या हवेची सापेक्ष आर्द्रता 40 टक्के असेल, तर तिच्यातली वाफ 6 अंशांनाच दवाच्या रूपाने साचू लागते. गार पाण्याच्या तांब्यावर बाहेरून थेंब जमतात तेच इथे भिंतभर होणार, आणि त्यातले काही गोठणारही. आणखी एक गोष्ट विद्यार्थ्यांना सांगण्यासारखी आहे. तापमापी 20 अंश दाखवीत असली, तरी अशा काचेजवळ बसलेल्या माणसाला थंडी वाजते, कारण त्याचे शरीर थंड पृष्ठभागाकडे प्रारणाने उष्णता गमावीत असते.

उन्हाळ्यात उलटा खेळ. सूर्याचा प्रकाश काचेतून सहज आत येतो, फरशी आणि सामान तापते. त्यांच्यापासून निघणारे लांब तरंगलांबीचे अवरक्त प्रारण मात्र काच बाहेर जाऊ देत नाही. हवा खेळायला एका टोकाला दार आणि दुसऱ्या टोकाला उघडणाऱ्या दोनच छोट्या खिडक्या. दक्षिणेकडच्या एका मोठ्या मेपल वृक्षाची सावली बरीच मदत करी. नदीकाठच्या डासांसाठी मात्र ओसरीला जाळ्या बसवाव्या लागल्या.

खर्च सुमारे 74 हजार डॉलरवर गेला आणि दोघांचे बिनसले. 1951 मध्ये मीसने पैशांसाठी दावा लावला, डॉक्टरांनी उलट दावा केला. कौल मीसच्या बाजूने झुकला आणि पुढे तडजोड झाली. 1953 मध्ये ‘हाउस ब्यूटिफुल’ मासिकाच्या संपादिका एलिझाबेथ गॉर्डन यांनी या शैलीलाच अमेरिकेवरचे संकट ठरवले. शीतयुद्धाचे दिवस होते ते. मोजता येणारी तक्रार राजकीय आरडाओरड्यात बुडाली. नंतरच्या लेखकांनी तर ही प्रेमभंगाची कहाणी करून टाकली. काचेवरचे दव प्रेमभंगाने जमत नाही, हे त्यांना कोणी सांगितले नसावे.

हा दोष काचेचा नव्हता, असे माझे मत आहे. शेजारच्या विस्कॉन्सिन राज्यात, म्हणजे अधिक उत्तरेला, फ्रँक लॉइड राइटने पत्रकार हर्बर्ट जेकब्ज यांच्यासाठी बांधलेले घर 1948 मध्ये राहते झाले. त्याची दक्षिणेची दुमजली बाजू कमानीसारखी वळलेली आणि जवळजवळ सगळी काचेची. उत्तरेला मात्र भिंतीशी मातीचा उंच भराव आणि वर थोड्या लहान खिडक्या. त्या अक्षांशावर (43 अंश) 21 डिसेंबरला मध्यान्हीचा सूर्य क्षितिजापासून साडेतेवीस अंशच वर असतो, 21 जूनला साडेसत्तर. छताचा पुढे आलेला भाग उन्हाळ्याचे ऊन अडवतो आणि हिवाळ्याचे आत सोडतो. मीसच्या घराला चारही दिशा सारख्याच.

नदीनेही एक धडा दिला. जुने पूर लक्षात घेऊन मीसने घराची जमीन सव्वापाच फूट उंच ठेवली होती. 1954 मध्येच पाणी घरात शिरले आणि 1996 च्या पुरात काच फोडून आत सुमारे पाच फूट चढले. नदीच्या वरच्या अंगाला शहरे वाढली, की जमिनीत मुरणारे पाणी घटते आणि नदीत धावणारे वाढते. जुन्या नोंदी मग अपुऱ्या पडतात.

डॉ. फार्न्सवर्थ यांनी 1972 मध्ये हे घर विकले, त्या इटलीत जाऊन राहिल्या आणि तिथल्या कवींच्या कवितांचे इंग्रजी अनुवाद करू लागल्या. 1977 मध्ये त्यांचे निधन झाले. वास्तुजतन करणाऱ्या ‘नॅशनल ट्रस्ट’ने 2003 मध्ये 75 लाख डॉलरच्या बोलीने लिलावात हे घर मिळवले आणि लोकांना पाहण्यासाठी खुले केले. 2021 मध्ये त्याचे नाव बदलून ‘एडिथ फार्न्सवर्थ हाउस’ करण्यात आले. तोवर नावात फक्त आडनाव होते.