मोफसिल : अंतर कोणापासून मोजायचे?

१/ ब्रिटिशकालीन कागदपत्रे, जुने कायदे किंवा १९व्या शतकातील वृत्तपत्रे वाचताना एक इंग्रजी शब्द वारंवार भेटतो : मोफसिल. कोशात त्याचा अर्थ ‘राजधानीबाहेरचा प्रदेश’ असा साधा दिलेला असतो. मात्र माणूस मोफसिलमध्ये आहे की नाही, यावर एके काळी त्याला कोणता कायदा लागू होणार हे ठरत असे. आजचा धागा या शब्दाविषयी.

२/ शब्द इंग्रजीत रुळला असला तरी त्याचे मूळ अरबी आहे. ‘मुफस्सल’ म्हणजे वेगवेगळे केलेले, फोड करून सांगितलेले. याच धातूपासून झालेला ‘तफसील’ फारसीमार्गे मराठीत आला आणि ‘तपशील’ झाला. ‘फैसला’ आणि ‘फसली साल’ हीसुद्धा त्याच कुळातली. म्हणजे मोफसिल हा आपल्या तपशिलाचा सख्खा भाऊ होय.

३/ मग तपशिलाचा प्रदेश कसा झाला? उत्तर महसुलाच्या दप्तरात आहे. मोगल परंपरेच्या हिशेबात ‘सदर’ जमा म्हणजे मुख्य ठाण्यी भरावयाची रक्कम. ‘मुफस्सल’ जमा म्हणजे खाली मुलखातून होणारी प्रत्यक्ष वसुली. अरबीत ‘सद्र’ म्हणजे छाती, अग्रभाग. वाड्यातली आपली सदर तीच. हिशेबातली ही जोडी पुढे भूगोलावर उमटली.

४/ १७७२ मध्ये वॉरन हेस्टिंग्जने बंगालची न्यायव्यवस्था नव्याने लावली. जिल्ह्याजिल्ह्यांत मोफसिल दिवाणी अदालत आणि त्यांच्यावर कलकत्त्यास सदर दिवाणी अदालत. १७७४ मध्ये त्याच कलकत्त्यात इंग्लंडच्या राजाच्या सनदेने सर्वोच्च न्यायालय बसले. एकाच मुलखात दोन न्यायसंस्था नांदू लागल्या : शहरात राजाची, शहराबाहेर कंपनीची.

५/ मुंबईत हाच नमुना आला. १८१८ मध्ये पेशवाई संपली आणि काल-परवापर्यंत सत्तेची सदर असलेले पुणे मुंबईच्या दृष्टीने मोफसिल ठरले. १८२४ मध्ये मुंबईत राजाचे सर्वोच्च न्यायालय सुरू झाले. मोफसिलसाठी मात्र कंपनीच्या अदालती आणि १८२७ ची एल्फिन्स्टन संहिता. शहराची हद्द हीच इंग्रजी कायद्याची हद्द होती का, हा प्रश्न लवकरच उभा राहिला.

६/ तो उभा केला मोरो रघुनाथ या पुण्यातील अल्पवयीन मुलाच्या प्रकरणाने. १८२८ मध्ये मुंबईच्या सर्वोच्च न्यायालयाकडे तक्रार गेली की, पांडुरंग रामचंद्र या मातब्बर गृहस्थांनी मुलाला त्याच्या इच्छेविरुद्ध ताब्यात ठेवले आहे. न्यायालयाने हेबियस कॉर्पसचा आदेश काढला, म्हणजे मुलाला न्यायासनासमोर हजर करण्याचा हुकूम दिला.

७/ गव्हर्नर जॉन माल्कम यांनी या आदेशाची अंमलबजावणी करण्यास नकार दिला. पुण्याच्या प्रतिष्ठितांवर मुंबईचे न्यायाधीश हुकूम बजावू लागले, तर दख्खनमध्ये सरकारचा वचक उरणार नाही, अशी त्यांची भूमिका होती. तीनपैकी दोन न्यायाधीश १८२८ मध्येच निवर्तले होते. उरलेले सर जॉन पीटर ग्रँट यांनी एप्रिल १८२९ मध्ये चक्क न्यायालयच बंद केले.

८/ वाद लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेला. १८२९ चा निर्णय सरकारच्या बाजूने लागला : मुंबईच्या हद्दीबाहेरच्या आणि न्यायालयाच्या अधिकारात न मोडणाऱ्या व्यक्तीवर असा आदेश चालणार नाही. मुलावर अन्याय झाला की नाही, हा प्रश्न बाजूलाच राहिला. निकाल लागला तो अधिकाराच्या हद्दीचा.

९/ पन्नासेक वर्षांनी हीच रेघ उलट बाजूने बोचली. बिहारीलाल गुप्त हे सनदी अधिकारी कलकत्त्यात प्रेसिडेन्सी मॅजिस्ट्रेटचे काम पाहत असताना युरोपीय आरोपीचा खटला चालवू शकत होते. बढती मिळून मोफसिलमध्ये गेले, की तो अधिकार संपणार होता. हुद्दा चढता, अधिकार उतरता! १८८२ मध्ये त्यांनी ही विसंगती लेखी स्वरूपात सरकारपुढे मांडली.

१०/ त्यातून १८८३ चे इल्बर्ट विधेयक आले आणि युरोपीय समाजाने त्याविरुद्ध रान उठवले. १८८४ चा कायदा ही तडजोड होती : भारतीय जिल्हा मॅजिस्ट्रेट व सत्र न्यायाधीशांना अधिकार मिळाला, पण युरोपीय आरोपीला निम्मे ज्यूरी युरोपीय किंवा अमेरिकन मागता येतील, अशी सोयही ठेवली गेली.

११/ १८८६ च्या ‘हॉब्सन-जॉब्सन’ कोशात या शब्दाचा आणखी एक पदर दिसतो. कलकत्त्याच्या माणसाला शहराबाहेरचा सारा बंगाल मोफसिल. बनारसच्या माणसाला बनारसच्या ठाण्याबाहेरचा मुलूख मोफसिल. म्हणजे मोफसिल एक नव्हते, पायऱ्या होत्या. प्रत्येक पायरीवर अंतर मोजले जाई ते कचेरीपासून.

१२/ याच्याशेजारी मराठीतला ‘बाहेरगाव’ हा शब्द ठेवून पाहा. साताऱ्याच्या माणसाला मुंबई बाहेरगाव आणि मुंबईकराला सातारा बाहेरगाव. जो बोलतो त्याचे घर हेच तिथे केंद्र. साताऱ्याच्या माणसाने मुंबईला मोफसिल म्हटले असते, तर मात्र कोणालाही ते कळले नसते. या शब्दाचे केंद्र बोलणाऱ्याच्या हाती नव्हते.

१३/ शब्द आजही पुसलेला नाही. चेन्नईच्या कोयंबेडू बसस्थानकाच्या मूळ नावात ‘मोफसिल’ होता. बिहारमध्ये शहराभोवतालच्या मुलखाची ‘मुफस्सिल’ पोलीस ठाणी आहेत. मुंबई उच्च न्यायालयाच्या मूळ शाखा आणि अपील शाखा या विभागणीतही शहर व मोफसिल यांची जुनी रेघ शोधता येते.

१४/ म्हणून जुन्या कागदात ‘मोफसिल’ भेटला की ‘खेडेगाव’ असे भाषांतर करून पुढे जाऊ नका. तो कागद कोणत्या कचेरीत लिहिला गेला ते आधी पाहा. पुण्यासारखे शहरही त्या शब्दात बसत होते आणि तिथल्या एका मुलाचे गाऱ्हाणे ऐकायचे की नाही, हे त्याच शब्दाने ठरवले होते.

धागा समाप्त.