मोजपट्टी आणि मूल

इतिहास म्हटला की आपल्यापुढे किल्ले, लढाया आणि सनावळ्या उभ्या राहतात. आज मी सांगणार आहे त्या इतिहासात एकही तलवार नाही. एक मोजपट्टी आहे आणि तिच्यापुढे उभं केलेलं एक लहान मूल आहे.

माझ्या वर्गात सोलापूरच्या पूर्व भागातला एक मुलगा होता. घरची भाषा तेलुगू, घरातच माग. वर्गात त्याला दहा मिनिटंसुद्धा एका जागी बसवत नसे. प्रश्न मराठीतून यायचा आणि हा उत्तर द्यायचा ते अर्धं तेलुगूत, अर्धं खिडकीबाहेर बघत. लवकरच त्याचं नाव ‘ठोंब्या’ पडलं. पण त्याच्या घरी गेलो की मला वेगळंच दिसायचं. चार माग एकदम खडखडत असत आणि हा पाठमोरा उभा राहून नुसत्या आवाजावरून सांगे, “तिसऱ्यावरचा धागा तुटला.” सहावीत त्यानं शाळा सोडली. आज इतक्या वर्षांनी त्याला एखाद्या विकाराचं नाव चिकटवणं मला बरोबर वाटत नाही. माझा विषय इतिहास आहे, वैद्यक नव्हे. त्याला कुणी नीट पाहिलंच नाही, एवढं मात्र मी साक्षीनं सांगू शकतो.

मुलांची पारख शास्त्रीय रीतीनं करावी, हा विचार सरकारी दफ्तरात शिरला तो फ्रान्समध्ये. तिथं १८८२ साली प्राथमिक शिक्षण सक्तीचं झालं. सगळ्या थरांतली मुलं वर्गात आली आणि काहींना नेहमीच्या पद्धतीनं शिकता येत नाही, हे लक्षात आलं. १९०४ साली सरकारनं एक समिती नेमली. तिच्या कामातूनच आल्फ्रेड बिने आणि थिओडोर सिमों यांनी १९०५ मध्ये तीस लहानलहान प्रश्नांची एक मालिका तयार केली. कुणाला जास्त मदत लागेल ते आधी कळावं, एवढाच तिचा हेतू. बुद्धी म्हणजे जन्मतः ठरलेलं, न हलणारं माप आहे, हे बिनेला मुळीच मान्य नव्हतं. १९०९ सालच्या आपल्या पुस्तकात त्यानं तसं म्हणणाऱ्यांचा निषेध केला. १९११ मध्ये तो वारला.

पुढं काय झालं, ते पाहण्यासारखं आहे. १९१२ साली स्टर्न नावाच्या जर्मन विद्वानानं मुलाच्या मानसिक वयाला त्याच्या खऱ्या वयानं भागलं. १९१६ मध्ये अमेरिकेत टर्मननं त्या भागाकाराला शंभरानं गुणलं. झाला बुद्ध्यंक तयार! मदतीची यादी गेली आणि हाती एक आकडा उरला. तिकडे १९१३ च्या सुमारास न्यूयॉर्कच्या बंदरावर उतरणाऱ्या परदेशी गरिबांना गॉडर्डची माणसं दुभाष्यामार्फत हेच प्रश्न विचारीत होती आणि त्यांतल्या पुष्कळांना मंदबुद्धी ठरवीत होती. हजारो मैल बोटीतून आलेला, थकलेला, भाषा न कळणारा माणूस! मला इथं माझा तेलुगू मित्र आठवतो.

आपल्याकडे त्या काळी कायदाच कसा होता पाहा. १९१२ च्या भारतीय वेड कायद्यात वेड्याची व्याख्या करताना जन्मतः मंद असलेल्या माणसालाही त्यातच बसवलं होतं. त्याची जागा घेणारा १९८७ चा कायदा प्रत्यक्ष अमलात आला १९९३ साली.

ही मोजपट्टी हिंदुस्थानातही आली. हर्बर्ट राइस यांनी १९२९ मध्ये तिचं हिंदुस्थानी रूप प्रसिद्ध केलं. आपल्या अधिक जवळचं काम व्ही. व्ही. कामत यांचं. मराठी आणि कानडी मुलांसाठी त्यांनी टर्मनच्या चाचणीची नवी आवृत्ती बसवली. १९३४ मध्ये तिच्याविषयी त्यांचा लेख आला आणि १९४० मध्ये पुस्तक. या कामाचं मोल मी कमी करणार नाही. परक्या मुलांसाठी केलेली पट्टी आपल्या मुलांना जशीच्या तशी लावू नये, हे त्यांनी ओळखलं. धान्य मोजायची पायली कापडाला लावून चालत नाही, हे आपल्या बाजारात पोरालाही कळतं. तरीपण एक अडचण उरतेच. सोलापुरात मराठी, कानडी, तेलुगू, उर्दू एकाच गल्लीत नांदतात. मूल कोणत्या भाषेत विचार करतं, हे ठरवल्याशिवाय त्याला प्रश्न तरी कसा विचारायचा?

शिवाय बुद्ध्यंकात न मावणारी मुलं होतीच. सगळं समजतं, पण माणसांशी बोलणं जमत नाही. किंवा सगळं जमतं, पण चित्त एका जागी ठरत नाही. लंडनला जॉर्ज स्टिल यांनी १९०२ मध्ये अशा चंचल मुलांवर व्याख्यानं दिली. मॉस्कोत ग्रुन्या सुखारेवा या डॉक्टरबाईंनी १९२५ मध्ये सहा मुलग्यांचं वर्णन लिहिलं. त्यांत मुलांचे गुणही आले आहेत. १९४३ मध्ये अमेरिकेत कॅनर यांनी अकरा मुलांवर निबंध लिहिला आणि ऑटिझम हा शब्द रूढ झाला. १९४४ मध्ये व्हिएन्नात ॲस्पर्गर यांनी तशाच मुलांचं वर्णन केलं. ॲस्पर्गर यांना लोक पुष्कळ वर्षं या मुलांचे कैवारी समजत. २०१८ साली जुनी कागदपत्रं पुढं आली, तेव्हा कळलं की त्यांनी काही मुलांना अशा एका दवाखान्याकडे धाडलं होतं, जिथं नाझी राजवटीत शेकडो मुलं मारली गेली. डॉक्टरचा शेरा म्हणजे नुसती शाई नसते, हे या एका कागदानं दाखवलं.

नावं कशी बदलत गेली, तेही पाहावं. एडीएचडी हे नाव १९८७ चं. एकाच मुलात ऑटिझम आणि एडीएचडी दोन्ही असू शकतात, हे अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञांच्या अधिकृत पुस्तकानं मान्य केलं ते थेट २०१३ मध्ये. तोवर डॉक्टरनं एकच पाटी निवडायची! आपल्या १९९५ च्या अपंग कायद्यात ऑटिझमचा उल्लेखही नव्हता. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्यात तो आला. २०१६ च्या कायद्यातल्या एकवीस प्रकारांत ऑटिझम आहे, वाचन-लेखनाची विशिष्ट अडचणही आहे. एडीएचडी स्वतंत्रपणे नाही. प्रमाणपत्रासाठी आपल्याकडे चाळीस विधानांची एक भारतीय मापनश्रेणी वापरतात. प्रत्येक विधानाला एक ते पाच गुण, आणि बेरीज सत्तरच्या खाली गेली तर ऑटिझम नाही असं धरतात. सवलतीसाठी असा आकडा लागतो, त्याला इलाज नाही.

पण आकडा मिळाला म्हणजे पारख संपली, असं आता जाणती मंडळी मानीत नाहीत. १९९० नंतर स्वतः ऑटिझम असलेली माणसं लिहू-बोलू लागली आणि १९९८ च्या सुमारास मेंदूंचं वैविध्य ही कल्पना पुढं आली. माणसांच्या चेहऱ्यांप्रमाणे मेंदूही तऱ्हेतऱ्हेचे असतात, सगळ्यांत दोषच शोधू नये, असा तिचा भाव. अडचण नाहीच, असं मात्र ती म्हणत नाही. ज्या आईचं मूल बोलत नाही, रात्र रात्र झोपत नाही, तिला कुणी असं सांगू नये. चांगली पारख करणारा घरच्यांना विचारतो, मुलाला विचारतो, शिक्षकांना विचारतो. कोणत्या आवाजानं कान झाकतो? काय करताना तासन्‌तास रमतो? हे घरी आणि शाळेत दोन्हीकडे होतं का? वयाच्या बारा वर्षांपूर्वीपासून आहे का? मुलगी गप्प बसते ती समजलं म्हणून, की दुसऱ्यांची नक्कल करून निभावते म्हणून? या शेवटच्या प्रश्नाकडे पुष्कळ वर्षं दुर्लक्ष झालं आणि मुली मागेच राहिल्या.

या कामात खेड्यातल्या गुरुजींचा आणि बाईंचा वाटा डॉक्टरांइतकाच मोठा आहे. तालुक्याच्या गावाहून पालक मुलाला घेऊन शहरात येतात, तेव्हा डॉक्टर त्याला तासभर पाहतात. तुम्ही वर्षभर पाहता. म्हणून शाळेकडून चिठ्ठी मागितली, तर तिच्यावर ‘लक्ष देत नाही, उनाड आहे’ एवढंच लिहू नका. ‘सकाळी पहिला तास बसतो. मधल्या सुट्टीनंतर वर्गात गोंगाट झाला की उठून दारात जातो. तोंडी हिशेब बिनचूक, लिहायला सांगितलं की पाटी ठेवून देतो. घरी कानडी बोलतात,’ असं लिहा.