लाल वायरीचा इतिहास: दिल्लीच्या गाड्यांमधला आवाज

आपल्या या मालिकेत राजे, लढाया, किल्ले खूप झाले. आज मी एका वायरीचा इतिहास सांगणार आहे. लाल रंगाची, करंगळीएवढी जाड वायर. बॉनेटखालच्या बॅटरीपासून ती निघते, गाडीच्या कडेने, मॅटिंगखालून मागे जाते आणि डिक्कीतल्या अॅम्प्लिफायरला मिळते. दिल्ली, गुरुग्राम, नोएडा या पट्ट्यात संध्याकाळी सिग्नलला उभे राहा. शेजारच्या गाडीतला 'धम्म' तुमच्या छातीत वाजतो, तो याच वायरीच्या जोरावर. दुकानात गिऱ्हाईक विचारतं, "किती वॉटचा आहे?" वायर किती जाड, फ्यूज कुठे, हे फारसं कोणी विचारत नाही. आणि गाडी पेटते ती याच न विचारलेल्या प्रश्नामुळे.

सुरुवात दिल्लीत नाही, अमेरिकेत झाली. १९३० मध्ये शिकागोच्या गॅल्विन कंपनीने गाडीत बसणारा रेडिओ बाजारात आणला आणि त्याला नाव दिलं 'मोटोरोला'. पुढे कंपनीनेच ते नाव घेतलं. त्या काळची मोठी अडचण होती खरखर. इंजिनातल्या स्पार्क प्लगची प्रत्येक ठिणगी रेडिओत ऐकू यायची. म्हणजे गाडीची वीज आणि गाडीतलं गाणं यांचं भांडण पहिल्या दिवसापासूनचं आहे. ते अजून मिटलेलं नाही, हे पुढे दिसेलच.

आपल्याकडे रेडिओ बाळगायला पोस्टातून परवाना काढावा लागे. गाडी असणं हीच चैन, त्यात रेडिओ म्हणजे विचारू नका. हे चित्र पालटलं १९८० च्या दशकात, आणि त्याची दोन्ही टोकं दिल्लीच्या आसपासच होती. गुरुग्राममधल्या कारखान्यातून डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० बाहेर पडली. यमुनेपलीकडे नोएडात गुलशन कुमार यांची सुपर कॅसेट्स, म्हणजेच टी-सीरीज, स्वस्त कॅसेटचे ढीग लावत होती. फिलिप्सने १९६३ मध्ये काढलेली ती छोटी कॅसेट आता भारतीय मध्यमवर्गाच्या हातात आली. १९९० च्या 'आशिकी'ची गाणी घराघरांत वाजली, तशी गाडीगाडीतही वाजली.

डेक बसवायचा कुठे? दिल्लीकडे बाजार तयार होते. लाल किल्ल्यासमोरचं लजपतराय मार्केट आणि करोलबागचं गफ्फार मार्केट, दोन्ही फाळणीनंतर आलेल्या निर्वासितांच्या कष्टातून उभी राहिलेली. एक रेडिओ आणि इलेक्ट्रॉनिक्सच्या सामानासाठी ओळखलं गेलं, दुसरं परदेशी मालासाठी. मोटारीचे सुटे भाग काश्मिरी गेटला. १८५७ मध्ये इंग्रजांनी जो दरवाजा सुरुंगाने उडवला, त्याच्याच परिसरात. इथला कारागीर कॉलेजात शिकलेला नसे. उस्तादाच्या हाताखाली राहून, सोल्डरचा धूर डोळ्यांत घेऊन तो शिकला. त्याचं ज्ञान हिंदीत, मराठीत फारसं कुणी लिहून ठेवलं नाही. हातातून हातात गेलं, आणि तसं जाताना काही मुद्दे गळून पडले. त्यांतला सगळ्यात महत्त्वाचा फ्यूजचा.

तो समजायला थोडं गणित करू. डेकला मिळतात जेमतेम १४ व्होल्ट. तेवढ्यावर ४ ओहमच्या एका स्पीकरला खरे वीसेक वॉट मिळतात. डब्यावर काहीही छापलेलं असो. बोलण्याला, गाण्याच्या आवाजाला तेवढे पुरतात. पण ढोल, तबल्याचा डग्गा, बेस गिटार यांचं काय? १९३३ मध्ये बेल लॅबच्या फ्लेचर आणि मन्सन यांनी मोजून दाखवलं, की आपला कान खर्जाच्या बाबतीत मंद आहे. खर्ज तितकाच मोठा ऐकू यायला कितीतरी जास्त जोर लागतो. म्हणून वेगळा मोठा स्पीकर, म्हणजे सबवूफर. आणि त्याला हाकायला वेगळा अॅम्प्लिफायर, जो आतल्या आत १४ व्होल्ट वाढवून घेतो.

आता ५०० वॉटचा खरा अॅम्प्लिफायर घ्या. घरात २३० व्होल्टवर ५०० वॉट म्हणजे दोन अँपिअरपेक्षा थोडा जास्त प्रवाह. गाडीत मात्र अॅम्प्लिफायरमध्ये वाया जाणारी वीज धरून पूर्ण जोरावर तोच आकडा ४५ अँपिअरच्या आसपास जातो. व्होल्ट कमी, म्हणून अँपिअर जास्त. करंगळीएवढी वायर लागते ती यासाठी. बारीक वायर टाकली तर ती तापते. स्वस्त किटमध्ये तर तांब्याचा मुलामा दिलेलं अॅल्युमिनियम निघतं. दिसायला तांबं, पण तेवढ्याच जाडीत तापायला पुढे.

आणि फ्यूज. अॅम्प्लिफायरवर एक फ्यूज असतो, त्यावर भागतं असं अनेकांना वाटतं. पण तो अॅम्प्लिफायरला वाचवतो. बॅटरीपासून डिक्कीपर्यंतच्या चार-पाच मीटर वायरीला कोण वाचवणार? इंजिन आणि केबिन यांच्यामधल्या पत्र्याच्या भोकातून ती जाते. तिथे रबराचं बूच नसेल, तर रोजच्या हादऱ्यांनी प्लास्टिक घासतं आणि उघडं तांबं पत्र्याला टेकतं. त्या क्षणी बॅटरी शेकडो अँपिअर ओतते. म्हणून पहिला फ्यूज बॅटरीपासून दीड फुटाच्या आत हवा, वायरीला झेपेल तेवढ्याच अँपिअरचा. त्याला लागतात काही शे रुपये.

बाकीचे नियम याच हिशेबातून येतात. काळी अर्थची वायर आखूड आणि तेवढीच जाड, रंग खरवडलेल्या पत्र्याला घट्ट बोल्टने. डेककडून येणारी आरसीए वायर लाल वायरीच्या विरुद्ध बाजूने. नाहीतर इंजिनाचा वेग वाढला की स्पीकरमधून शिट्टी येते. १९३० च्या त्या खरखरीचीच ही धाकटी बहीण. तिसरी बारीक रिमोट वायर. डेक बंद झाला की अॅम्प्लिफायर बंद करणारी. ती न जोडता थेट बॅटरीची वीज दिली, तर सकाळी गाडी ढकलावी लागते.

आवाजालाही मर्यादा आहेच. २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनी निवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ठरवले, आणि जुलै २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिल्लीतूनच त्यावर सविस्तर निकाल दिला. आवाज काचेबाहेर गेला की प्रश्न शेजाऱ्याच्या झोपेचा होतो.

तुम्ही इंदूरला असा, बेळगावला, नागपूरला किंवा गाझियाबादला, काम हेच असतं. गाडी दुकानात लावाल तेव्हा वॉट नंतर विचारा. आधी बॉनेट उघडायला सांगा आणि बॅटरीजवळचा फ्यूज बोटाने दाखवायला सांगा. चांगला कारागीर असेल तर त्याला हा प्रश्न आवडेल. तो स्वतःच तुम्हाला पत्र्यातलं रबराचं बूचही दाखवेल.

भेटू पुढच्या भागात.