कातडीचा देठ आणि रक्ताच्या वाटा

इ. स. १७९४ च्या ऑक्टोबरांत लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझिन' या मासिकांत एक पत्र प्रसिद्ध झालें. १७९२ च्या युद्धांत इंग्रजी फौजेबरोबर बैल हांकणारा कावसजी नांवाचा मराठा शेतकरी टिपूच्या हातीं सांपडला आणि नाक व एक हात गमावून परतला. सुमारें वर्षभरानें पुण्याजवळच्या, विटा करणाऱ्या जातींतील एका कसबी माणसानें त्याला नवें नाक करून दिलें.

त्याची रीत अशी. मेणाचा पातळ पत्रा तुटक्या नाकावर बसवून त्याला नाकाचा आकार द्यावयाचा. मग तोच पत्रा सपाट करून कपाळावर ठेवावयाचा आणि त्याच्या कडेनें रेघ ओढावयाची. तेवढी कातडी सोडवून घ्यावयाची. मात्र दोन डोळ्यांच्या मध्यें तिचा एक लहानसा देठ राखावयाचा. कातडीचा हा पदर पिळून खालीं वळवावयाचा व ओल्या काताच्या पट्ट्यांनीं जागीं बसवावयाचा. सुमारें पंचविसाव्या दिवशीं, नाक रुजल्यावर, देठ कापावयाचा.

येथें खरा प्रश्न उभा राहतो. एवढ्या अरुंद देठावर एवढी कातडी जगली कशी? त्याचें उत्तर कपाळाच्या रचनेंत आहे. भुवईच्या आंतल्या टोकाशीं डोळ्याच्या खोबणींतून एक बारीक रोहिणी वर येते आणि कपाळाच्या कातडींत उभी चढत जाते. देठ तिच्याच वाटेवर पडतो. पदराच्या लांबीशीं ही वाट समांतर असल्यामुळें रक्त टोंकापर्यंत पोहोंचतें. त्या कारागिरानें ही रोहिणी पाहिली असेल वा नसेल. तिचा उपयोग मात्र त्याच्या हाताला ठाऊक होता.

१८१४ सालीं लंडनमध्यें कार्प्यू या शस्त्रवैद्यानें ही रीत अनुसरली आणि १८१६ सालीं तिचें वर्णन छापलें. युरोपनें रीत उचलली, पण तिच्या मागचें कारण उचललें नाहीं. देठ जितका रुंद, तितकाच पदर लांब घ्यावा, असा ठोकताळा शस्त्रवैद्यांत रूढ झाला. आणि तो पाळूनही कित्येकदां पदराचें टोंक काळें पडून मरत असे.

वास्तविक रक्ताच्या वाटांचा नकाशा तयार होता. १८८९ सालीं कार्ल मँखोट यानें स्ट्रासबुर्ग येथें विद्यार्थिदशेंतच, क्ष-किरणांचा शोध लागण्यापूर्वी, केवळ शवविच्छेदनावरून कातडीच्या रोहिणींचे प्रदेश आंखून दाखविले होते. १९३६ सालीं मार्सेयच्या मिशेल साल्माँ यानें रोहिणींत शिशाचें मिश्रण भरून क्ष-किरणांनीं तें काम अधिक बारकाईनें केलें. पण मँखोटचा ग्रंथ इंग्रजींत यावयास १९८३ साल उजाडलें!

दरम्यान १९७० सालीं मिल्टन यानें डुकरांवर प्रयोग करून दाखविलें कीं, रक्तपुरवठा सारखा असेल तर देठ रुंद केल्यानें पदर अधिक लांबवर जगत नाहीं. १९७३ सालीं मॅकग्रेगर व मॉर्गन यांनीं पदरांचे दोन वर्ग केले: एकांत ठराविक रोहिणी लांबीच्या दिशेनें धांवते, दुसऱ्यांत बारीक वाहिन्यांचें केवळ जाळें असतें. १९८७ सालीं मेलबर्नच्या टेलर व पामर यांनीं कातडीपासून हाडापर्यंतचें सारें शरीर अशा रक्तप्रदेशांत विभागून दाखविलें. शेजारच्या प्रदेशांना जोडणाऱ्या वाहिन्या अरुंद असतात. एक वाट बंद केली म्हणजे त्या कांही दिवसांत रुंदावतात. म्हणूनच पदर टप्प्याटप्प्यानें सोडविल्यास तो अधिक लांबवर जगतो. आतां तर स्नायूंतून वर येणाऱ्या एकाच बारीक वाहिनीवर, स्नायूला धक्का न लावतां, कातडीचा मोठा पदर उचलतां येतो.

पुण्याजवळच्या त्या माणसाचें नांव पत्रकर्त्यानें दिलें नाहीं. त्याच्या हातांत ज्ञान होतें, पण ग्रंथ नव्हता; मँखोटचा ग्रंथ होता, पण तो उचलणारा हात नव्हता. या दोहोंची गांठ पडेपर्यंत जें दुःख झालें, तें शस्त्रवैद्यांनीं नव्हे, रोग्यांनीं सोसलें.