शिसे आणि श्वास

१९४३ साली कूस्तो व गान्यां यांनी फ्रान्समध्ये 'अ‍ॅक्वालंग' सिद्ध केले आणि पाठीवर हवा बांधून मनुष्य समुद्रात मोकळा विहरू लागला. तोल सावरणारी फुगती पिशवी मात्र त्याच्यापाशी नव्हती. कमरेला शिसे आणि छातीत श्वास, एवढाच त्याचा तराजू! श्वास भरताच देह किंचित वर येई, सोडताच खाली जाई. पुढे रबरी पोशाख आला. १० मीटर खोलीवर दुप्पट होणाऱ्या दाबाने त्यातील वायू आकसे आणि पाणबुड्या अधिकच जड होई. वर येणे न साधल्यास शिशाचा पट्टा टाकून देणे, हाच अखेरचा उपाय. १९६१ साली फेन्झी यांची पिशवी आली आणि सोय झाली. परंतु ओझे किती घ्यावे व केव्हा टाकावे, हा विवेक त्या आद्य पाणबुड्यांचाच, असे आम्हांस वाटते.